भार पडल्यावर

पिकअपच्या डॅशबोर्डवर बॅटरीचं चित्र असलेला एक छोटा लाल दिवा असतो. किल्ली फिरवली की तो लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो. बहुतेक ड्रायव्हर पुन्हा त्याच्याकडे बघतही नाहीत. माझ्या चुलतभावाच्या गाडीतला तो दिवा विझायचा, पण पुरता विझायचा नाही. दिवसा काही कळायचं नाही. रात्री आंबेनळी घाट उतरताना, धुकं काचेला टेकलेलं, वायपर चालू, हेडलाइट लावलेले, अशा वेळी त्या जागी एक मंद तांबूस ठिपका दिसायचा. दादा खात्री करून घ्यायला त्यावर अंगठा ठेवायचा. अंगठ्याखाली काळोख झाला की म्हणायचा, "आहे रे. लागलेलाच आहे."

दादाची गाडी महाड आणि महाबळेश्वरच्या मध्ये फिरते. महाडच्या बाजारातून किराणा, पत्रे, सिमेंट, कधी कुणाच्या घराच्या कौलांचा ढीग असं काहीबाही वर जातं. वरून भाजी येते, थंडीत स्ट्रॉबेरीचे क्रेट येतात. मधे पोलादपूर. इथे मुंबई-गोवा महामार्ग कशेडी घाटाकडे वळतो आणि आंबेनळीचा रस्ता प्रतापगडाच्या बाजूने डोंगर चढू लागतो. पोलादपूर ते महाबळेश्वर हे अंतर सुमारे ४० किलोमीटर. पण पावसाळ्यात हे अंतर किलोमीटरमध्ये कुणी सांगत नाही. दरड आहे का, रस्ता चालू आहे का, धुकं कुठपर्यंत उतरलंय, एवढंच विचारतात. सावित्रीही ह्याच डोंगरातून उतरते. जुन्या महाबळेश्वरला उगम पावून ती पोलादपूरला येते, महाडला गांधारीला सोबत घेते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. दादाची गाडी आणि नदी एकाच उतारावरून खाली येतात. लहानपणापासून हा उतार आमच्या घरातल्या प्रत्येक बोलण्यात कुठे ना कुठे असतोच.

दिव्याच्या जोडीला दुसरंही एक लक्षण होतं. सकाळी सेल्फ मारला की इंजिन जड जड फिरायचं. दोन-तीन वेळा वाडीतल्या पोरांनी धक्का मारून गाडी चालू करून दिली. मग सगळ्यांनी मिळून बॅटरीला दोषी ठरवलं. बॅटरी उतरते, बॅटरी गेली, बॅटरी जुनी झाली. नवी बॅटरी आली. काही महिने बरे गेले आणि पुन्हा तेच. मग बेल्ट बदलला. मग अल्टरनेटर उतरवून कार्बन बदलले, कटआउट बदलला. प्रत्येक वेळी गाडी गॅरेजच्या दारात चालू करून मीटर लावला जायचा, आकडा बरा यायचा आणि दादा पैसे देऊन घरी यायचा. पुढच्या पावसाळी रात्री ठिपका परत हजर.

शेवटी कुणीतरी महामार्गालगतच्या एका वायरमनचं नाव सांगितलं. पत्र्याची शेड, समोर चिखल, दारात उघडून ठेवलेले सेल्फ आणि अल्टरनेटर, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या रंगीबेरंगी वायरींच्या गुंडाळ्या. दुकान चालवणाऱ्यांना सगळा परिसर चाचा म्हणतो. साठी उलटलेली, पांढरी आखूड दाढी, चष्मा दोरीने गळ्यात. हाताखाली एक मुलगा. गणपतीच्या आधीचे दिवस होते. मुंबईकडून चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग सुरू व्हायला अजून थोडा अवकाश होता. मी दादासोबत गेलो होतो, आणि दुपारभर तिथल्या बाकड्यावर बसून एका माणसाचं दोष शोधणं पाहत राहिलो.

दादाने बॅटरीची तक्रार सांगायला सुरुवात केली तसं चाचांनी हायड्रोमीटर घेऊन एकेका सेलचं पाणी ओढून पाहिलं. सहाही सेल सारखेच, सगळेच कमी. एखादाच सेल खाली असता तर बॅटरी बिघडली म्हणता आलं असतं. ते म्हणाले, "दादा, हिला कशाला शिव्या घालता? ही आजारी नाही, उपाशी आहे."

ते वाक्य माझ्या मनात अजून आहे. शिशाच्या पत्र्यांची बॅटरी फ्रान्समध्ये गास्तोँ प्लांते यांनी १८५९ मध्ये केली. तेव्हापासून तिचा स्वभाव फारसा बदललेला नाही. तिच्यात जेवढं भराल त्याहून थोडं कमी ती परत देते, आणि अर्धवट भरलेली पडून राहिली की तिच्या पत्र्यांवर सल्फेटचा थर घट्ट होत जातो. पुढे तिला भरायचं म्हटलं तरी ती पुरती भरत नाही. म्हणजे उपासमारीतूनच आजार येतो. मग तो आजार पाहून लोक म्हणतात, बॅटरीच वाईट होती. भरलेली, स्वस्थ बसलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ वर ती अर्धी रिकामी असते. चार दशांशांच्या एवढ्याशा अंतरात तिची भूक मावलेली असते.

तिला भरण्याचं काम अल्टरनेटरचं. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलं, की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलला की तारेत वीज उभी राहते. आजही पिकअपच्या बॉनेटखाली तेवढंच घडतं. इंजिनाच्या बेल्टवर रोटर फिरतो, भोवतीच्या वेटोळ्यांत वीज उठते, डायोडची प्लेट तिला एका दिशेला वळवते आणि कटआउट तिला साधारण १४ ते १४.५ व्होल्टच्या आत धरून ठेवतो. बॅटरीचं खरं काम इंजिन जागं करण्यापुरतं. त्यानंतर दिवे, वायपर, पंखा, सगळा भार अल्टरनेटरने उचलायचा आणि बॅटरीने जे दिलं तेही वाटेवर परत करायचं. जुन्या डिझेल गाड्या एकदा सुरू झाल्या की दिवसाउजेडी विजेशिवायही घाट ओलांडायच्या. आताच्या गाड्यांत डिझेल कधी आणि किती फवारायचं हेही विजेवर ठरतं. वीज गेली की गाडी जागच्या जागी उभी राहते, मग तो घाट असो की कशेडीचा नवा बोगदा.

मुलाने इंजिन चालू केलं आणि पाना घेऊन बॅटरीचं टर्मिनल सैल करायला गेला. चालत्या इंजिनावर टर्मिनल काढायचं, इंजिन चालू राहिलं तर अल्टरनेटर चांगला, ही जुनी रीत. चाचांनी त्याचा हात धरला. डायनामोच्या काळात हे खपून जायचं, त्यांनी समजावलं. आता एकदम भार सुटला की अल्टरनेटरचा व्होल्ट उसळतो, डायोड जळतात, गाडीतला कॉम्प्युटरही जाऊ शकतो. "तपासताना मोडायचं नाही," ते म्हणाले. मुलाने पाना खाली ठेवला. शिकवणं एवढंच होतं, पण ज्या स्वरात ते झालं त्या स्वरात राग नव्हता. त्या मुलाला ते जन्मभर पुरेल असं मला वाटलं.

मग मीटर लागला. बॅटरीवर १३.६. दादा माझ्याकडे वळला. हाच आकडा त्याने आधीही पाहिला होता आणि ह्याच आकड्यावर गाडी बरी ठरून घरी आली होती. चाचा मात्र मीटर काढेनात. त्यांनी मुलाला आत बसवलं आणि एकेक सांगू लागले. हेडलाइट लाव. वायपर चालू कर. पंखा पूर्ण फिरव. मागचे दिवे, फ्लॅशर, सगळं. ५५ वॅटचे दोन दिवेच नऊएक अँपिअर ओढतात. बाकीचं धरून भार वीस-पंचवीस अँपिअरवर गेला. इंजिनाचा आवाज किंचित घोगरा झाला आणि मीटरचा आकडा उतरू लागला. १३.१. १२.८. १२.५ वर तो थांबला. बाहेर लख्ख दुपार होती, पण त्या गाडीपुरती आंबेनळीतली पावसाळी रात्र चाचांनी शेडमध्ये उभी केली होती.

"बिनलोडची गाडी सगळ्यांचीच बरी असते," ते म्हणाले. "लोडवर बघायचं."

आता मीटरची तार अल्टरनेटरच्या मागच्या बोल्टवर गेली. तिथे १४.४. म्हणजे अल्टरनेटर पुरेसं देत होता. बॅटरीपर्यंत पोचेस्तोवर जवळजवळ दोन व्होल्ट कुठेतरी नाहीसे होत होते. कटआउटची यात काही चूक नव्हती. तो अल्टरनेटरच्या पोटातच बसतो, तिथलाच व्होल्ट मोजतो, आणि तिथे सगळं जसं हवं तसं होतं. दोन हातांवर बॅटरी उपाशी होती हे त्याला कळायला वाटच नव्हती. लाल ठिपक्याचं कोडंही तिथेच सुटलं. त्या दिव्याच्या एका बाजूला बॅटरी असते, दुसऱ्या बाजूला अल्टरनेटर. दोन्हीकडे सारखा व्होल्ट असला की दिव्यातून काही वाहत नाही आणि तो विझतो. फरक उरला की फरकापुरता तो जळतो. भार कमी असताना फरक थोडा, म्हणून ठिपका दिसत नाही. रात्री, पावसात, सगळं चालू असताना फरक वाढतो आणि त्या वाढलेल्या फरकाएवढाच तांबूस उजेड डॅशबोर्डवर येतो. इतके महिने तो दिवा नेमकं तेच सांगत होता.

चाचांनी अल्टरनेटरकडून बॅटरीकडे जाणारी जाड वायर बोटांनी चाचपत नेली आणि एका जागी हात झटकन मागे घेतला. चटका बसला होता. इंजिन बंद करून त्यांनी त्या टोकाची थिंबल, म्हणजे वायर बोल्टला जोडणारी टोपी, सोडवली आणि इन्शुलेशन चिरलं. बाहेरून वायर धडधाकट, लाल, पुसलेली. आतली तांब्याची तार हिरवी-काळी, चुरगळून चिमटीत येणारी. जेमतेम काही धागे शाबूत. सगळा प्रवाह त्या धाग्यांतून दाटीने जात होता आणि नाहीसे होणारे ते दोन व्होल्ट तिथेच उष्णता होऊन जिरत होते.

"पाण्यात उभी होती का गाडी कधी?" चाचांनी विचारलं.

दादा थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "एकवीस साली."

२२ जुलै २०२१. महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. ते पाणी आमच्याच उतारावरून खाली आलं. महाडची बाजारपेठ बुडाली, तळमजले पाण्याखाली गेले. दादाची गाडी त्या रात्री महाडात एका गोदामासमोर उभी होती. पाणी ओसरल्यावर तिच्या आसनांवर बोटभर गाळ होता. तिचं इंजिन धुतलं, ऑइल बदललं, आसनं उन्हात वाळवली, वरवरची प्रत्येक गोष्ट साफ केली. थिंबलच्या तोंडातून वायरीच्या पोटात शिरलेलं पाणी कुणाला दिसणार होतं? ते आत राहिलं. तांब्याच्या धाग्याधाग्यांतून पुढे सरकत राहिलं. पूर उतरला असं आपण म्हणतो, पण कुठे कुठे तो उतरलेला नसतो.

त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर डोंगर आला. ८०हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या, माणसं गेली. वीज नव्हती, फोन लागत नव्हते, रस्ते पाण्याखाली होते, त्यामुळे वर डोंगरात काय झालंय हे खाली कळायलाच वेळ लागला. आमच्या वाडीत तेव्हा एका ट्रॅक्टरच्या बॅटरीवर सगळ्यांचे मोबाइल एकामागून एक चार्ज झाले. रेंज नव्हती, तरी चार्ज करत होते. मुंबईला असलेल्या मुलांचे फोन आले तर आपला बंद नको, एवढ्यासाठी. माझी काकू तो फोन मुठीत धरून पडवीत बसलेली मला आठवते. त्या बॅटरीने त्या दोन दिवसांत आपल्यातलं होतं नव्हतं ते दिलं. नंतर ट्रॅक्टर सुरू होईना तेव्हा तिच्यावर कुणी चिडलं नाही. आमच्याकडे बॅटरीला दोष न दिला गेल्याचा तो एकच प्रसंग असावा.

वायर बदलायला वेळ लागणार होता. चाचा नव्या वायरीचं माप घेत होते आणि दादा बाकड्यावर माझ्याशेजारी येऊन बसला होता. बोलणं पुरावरच राहिलं. महाडात पुराची चर्चा कधी संपत नाही. कुणी म्हणतं पाऊसच तेवढा झाला. कुणी म्हणतं नदीचं पात्र गाळाने भरलंय. कुणी दासगावच्या खाडीकडे बोट दाखवतं, रेल्वेच्या भरावाकडे दाखवतं, भरतीच्या वेळेकडे दाखवतं. एके काळी सावित्रीच्या खाडीतून गलबतं माल घेऊन ह्या बाजूला येत आणि इथून तो बैलांवर घाट चढे. नदीला तेवढं पाणी पेलायची सवय होती. मला पूरतज्ज्ञांचं काही कळत नाही. पण त्या दुपारी एवढं जाणवत होतं, की पाणी बाजारपेठेत चढतं म्हणून दोष बाजारपेठेतच शोधून चालणार नाही. वाहतं ते सगळं एका लांब वाटेवरून वाहतं, आणि तुंबतं तिथेच अडलेलं असतं असं नाही. चाचांनी ज्या सबुरीने मीटरची तार एका बोल्टवरून दुसऱ्या बोल्टवर नेली, त्या सबुरीने महाबळेश्वरपासून बाणकोटपर्यंत चालत जायला हवं.

आणि मग, महाडच्या माणसांच्या बोलण्यात येतोच तसा, तो पूल आला. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी बस आणि इतर वाहनं अंधारात नदीत गेली. त्या आधी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि धोका दिसला नव्हता, असं नंतर सांगितलं गेलं. मेमध्ये सावित्री कशी असते हे इथल्या कुणालाही ठाऊक आहे. खडकांमधून गुडघाभर पाणी, डोहात थोडंसं, बाकी वाळू आणि ऊन. त्या उन्हात पूल नीट उभाच असणार. त्याच्या पायाशी पुराचं पाणी रेटा देत असताना, वरून गाड्या धावत असताना तो कसा होता, हे मेमधल्या डोळ्यांना कसं दिसावं? पूल गेल्याचं सर्वांत आधी कळलं ते शेजारच्या एका गॅरेजमधल्या माणसाला, असं त्या दिवसांत वर्तमानपत्रांत आलं होतं. गाड्यांचे दिवे पुलावर येतात आणि पुढे निघत नाहीत, हे ज्यांच्या ध्यानात आलं त्यांनी रस्त्यावर धावत जाऊन मागच्या गाड्या थांबवल्या. दिव्यांकडे बघायची सवय असलेली माणसं. किती जण त्यांच्यामुळे घरी पोचले असतील! नवा पूल वर्षभराच्या आत, जून २०१७ मध्ये सुरू झाला. दादा अजूनही त्यावरून जाताना खिडकीची काच खाली करतो. का, ते मी विचारलेलं नाही.

चाचांनी नवी वायर टाकली. जुन्यापेक्षा एक माप जाड. थिंबल नुसती दाबली नाही, कथील ओतून भरली, वर रबरी नळी चढवून ती तापवून घट्ट बसवली, बोल्टला ग्रीस लावलं. मग पुन्हा सगळा भार चालू. ह्या वेळी मीटर मुलाच्या हातात दिला. त्याने बॅटरीवर तार टेकवली, आकडा मोठ्याने वाचला, १४.२, आणि चाचांकडे न बघता स्वतःच अल्टरनेटरच्या बोल्टवर जाऊन तोही वाचला. चाचांनी काही म्हटलं नाही. दोन्ही आकडे कानांवर पडल्यावर ते हात पुसायला निघून गेले.

पैसे किती झाले ते ऐकून दादाला विश्वास बसेना. आधीच्या बॅटरीच्या, बेल्टच्या, कटआउटच्या मानाने ते काहीच नव्हते. त्याने थोडे जास्त पुढे केले. चाचांनी परत केले. "गाडी आठवडाभर लांब पळवा," एवढं सांगितलं. उपासातून उठलेल्याला एकदम ताकद येत नाही.

मला त्यानंतर एक सवय जडली आहे. थकलेलं काही दिसलं, की त्याच्यापर्यंत येणारी वाट आधी बघावीशी वाटते. आमच्या वाड्यांतली बंद घरं, पावसाळ्यानंतर ओसाड राहिलेली भाताची खाचरं, पटावर मोजकी मुलं उरलेल्या शाळा, ह्यांच्याबद्दल किती सहज बोललं जातं. आता तिथे काही राम नाही, जीव गेलाय, असं. ह्या तालुक्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपली तरणी माणसं मुंबईच्या गिरण्यांना, गोद्यांना, कचेऱ्यांना दिली. पूर्वी त्या बदल्यात मनीऑर्डर यायची, मे महिन्यात आणि गणपतीत माणसं यायची. दिलेलं थोडंफार परत येत होतं. आता जे येतं ते कुठे, कोणत्या जोडावर जिरतं, हे कुणी मोजलंय का? मला माहीत असलेल्या म्हाताऱ्या माणसांत अजून पुष्कळ बळ आहे. त्यांना कुणी काही विचारत नाही, एवढंच.

आणि जे अजून उभं आहे, त्याचं काय? आंबेनळीचे कठडे, वाडीच्या वरचा पाणी पिऊन फुगणारा उतार, ओढ्यावरचे साकव, नदीकाठच्या भिंती. उन्हाळ्यात ह्या सगळ्यांचे आकडे चांगलेच येतात. एप्रिलमध्ये माणसं येतात, फोटो काढतात, वहीत लिहून नेतात. त्यांच्या कामावर माझा अविश्वास नाही. पण त्या शेडमध्ये भर दुपारी हेडलाइट लावायला सांगणारा आवाज मला आठवतो. डोंगरावर आधीच पाऊस कसा आणायचा, पुलाखाली मेमध्ये पूर कसा उभा करायचा, हे मला ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक असेल ते कधी इकडे आले, तर दादा त्यांना गाडीत पुढे बसवून सगळा उतार दाखवायला तयार आहे. अट एवढीच, त्यांनी जुलैत यावं.